माउंटन बाइकला मुठीतला गिअर घ्यावा का?

गिअरची सायकल घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो गिअर किती, आणि लगेच दुसरा, ते बदलायचे कसे. एका सायकलच्या हँडलवर मुठीला लागूनच एक रबरी कडं असतं. ते पिळलं की टकटक वाजत गिअर बदलतात. शेजारच्या, जरा महाग सायकलला त्याच कामासाठी हँडलखाली दोन छोटे खटके असतात, अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने दाबायचे. दुकानदाराला फरक विचारला तर उत्तर बहुतेक ठरलेलं: "फिरवायचं स्वस्तातलं असतं, खटक्याचं घ्या." ज्याच्या खिशाला परवडतं तो खटक्याचं घेतो, बाकीचे मन मारून फिरवायचं घेतात. का, ते दोघांनाही कळलेलं नसतं.

दुकानदाराचं म्हणणं चूक नाही, पण अपुरं आहे. स्वस्त सायकलींवर फिरवायचे गिअर जास्त दिसतात हे खरं. पण याच पद्धतीचा गिअर ऑलिंपिक विजेत्याच्या सायकलवरही होता, आणि जगातल्या अतिशय महाग आणि टिकाऊ गिअर यंत्रणांपैकी एक आजही मूठ पिळून चालते. माझं मत असं, की या शिफ्टरचे, म्हणजे गिअर बदलायच्या यंत्राचे, सगळे गुण आणि सगळे दोष एकाच गोष्टीतून येतात: जिथे धरायचं, तिथूनच हुकूम द्यायचा. हे एकदा लक्षात आलं की आपल्याला तो हवा की नको, हे कुणाला न विचारता ठरवता येतं.

गिअर बदलतो म्हणजे आत काय होतं

पेडलपाशी एक, दोन किंवा तीन दातेरी चकत्या असतात. मागच्या चाकाच्या मध्यभागी लहान-मोठ्या चकत्यांचा गठ्ठा असतो, साध्या सायकलींना सहा-सात, आजकालच्या चांगल्या माउंटन बाइकला बाराही. चेन या दोन्हींवरून फिरते. मागे मोठ्या चकतीवर चेन असली की पेडल हलकं लागतं आणि चढ चढता येतो. लहान चकतीवर असली की पेडल जड होतं आणि सपाटीवर वेग मिळतो.

चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा स्प्रिंगचा हात म्हणजे डिरेलर. हँडलपासून डिरेलरपर्यंत एक पोलादी वायर जाते आणि ती ठरावीक लांबीने ओढायचं किंवा सैल सोडायचं काम शिफ्टर करतो. शिफ्टरचं काम एवढंच. तो मुठीचा असो की खटक्याचा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डिरेलरला त्याचा पत्ता नसतो.

'ठरावीक लांबी' मात्र फार महत्त्वाची आहे. 1984 साली शिमानो या जपानी कंपनीने ड्युरा-एस या रेसिंग सायकलींच्या संचात एक टक म्हणजे एक गिअर अशी पद्धत आणली, आणि काही वर्षांत ती सगळीकडे पसरली. त्याआधी बहुतेक सायकलींवर दांडी अंदाजाने सरकवून, चेनचा आवाज ऐकत गिअर जुळवावा लागे. आता उदाहरण घ्या मागे नऊ चकत्या असलेल्या सायकलीचं. दोन शेजारच्या चकत्यांमध्ये साधारण 4.3 मिलिमीटर अंतर असतं. शिमानोच्या पद्धतीत एका टकेला वायर सुमारे 2.5 मिलिमीटर ओढली जाते आणि डिरेलरची रचना त्या हालचालीला वाढवून चकतीपर्यंत नेते. स्रॅम या अमेरिकन कंपनीच्या जुन्या 'वन टू वन' पद्धतीत वायरच जवळजवळ 4 मिलिमीटर ओढली जाते. हे आकडे पुढे दोनदा लागणार आहेत.

चेतक चालवलेल्यांना हे ओळखीचं आहे

आपल्याकडे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या डाव्या हाताला मुठीतला गिअर पाठ आहे. 1972 पासून आलेली बजाज चेतक, त्याआधीची व्हेस्पा, लॅम्ब्रेटा, या सगळ्यांचा गिअर डाव्या मुठीत होता. क्लच दाबायचा, मूठ पिळायची, क्लच सोडायचा. एक, न्यूट्रल, दोन, तीन, चार. पायाचा गिअर असलेल्या मोटरसायकलवरून स्कूटरवर आलेला माणूस दोन दिवस चाचपडायचा आणि तिसऱ्या दिवशी विसरून जायचा.

सायकलचा मुठीचा शिफ्टर त्याच घराण्यातला आहे, पण एक मोठा फरक आहे. स्कूटरवर गिअर टाकण्याआधी क्लच दाबायची सवय मध्ये उभी असते. खड्ड्यात गाडी आदळली, मूठ घट्ट आवळली गेली, तरी सहसा गिअर पडत नाही. सायकलला क्लच नाही. मूठ फिरली की वायर ओढली गेली आणि चेन हलली. मध्ये पहारेकरी काय ती एक छोटी स्प्रिंग, जी प्रत्येक खाचेत अडकून 'टक' करते. ही स्प्रिंग कडक केली तर गिअर जड फिरतो, नरम केली तर नको तेव्हा फिरतो. मुठीच्या शिफ्टरची अर्धी कहाणी या स्प्रिंगच्या कडकपणाची आहे.

हा माउंटन बाइकवर आला कसा

1980च्या दशकात रेसिंग सायकलींचे गिअर खालच्या तिरक्या दांडीवर असायचे. बदलायचे तर हँडलवरचा एक हात सोडून गुडघ्याजवळ न्यावा लागे. शिकागोत 1987 साली सुरू झालेल्या स्रॅम कंपनीने त्यावर ग्रिप शिफ्ट नावाचा मुठीचा शिफ्टर काढला. आधी तो रस्त्यावरच्या आणि ट्रायथलॉनच्या सायकलींसाठी होता, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला माउंटन बाइकसाठी आला आणि तिथेच खरा चालला.

त्या वेळी माउंटन बाइकचे बहुतेक सुटे भाग शिमानोचे असत. शिमानोने 1990च्या सुमारास रॅपिडफायर हे खटक्याचे शिफ्टर आणले. स्रॅमचा दावा होता की सायकल बनवणाऱ्यांना सगळे भाग एकाच कंपनीचे घेण्यासाठी सवलत दिली जाते आणि त्यामुळे नव्या कंपनीला दारच बंद होतं. 1990 मध्ये त्यांनी शिमानोवर खटला भरला आणि 1991 मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. त्यानंतर ग्रिप शिफ्ट अनेक कारखान्यांतून सायकलींवर बसून बाहेर पडू लागला. नव्वदीच्या मध्यात तो माउंटन बाइकवर अगदी सर्रास दिसायचा. आज स्रॅम ही शिमानोची मोठी प्रतिस्पर्धी आहे, आणि तिची सुरुवात या एका पिळायच्या कड्यापासून झाली. शिमानोनेही पुढे रेव्होशिफ्ट नावाने स्वतःचा मुठीचा शिफ्टर काढला. आपल्याकडच्या स्वस्त आणि लहान मुलांच्या सायकलींवर जे कडं दिसतं, ते बहुधा हाच किंवा याची नक्कल असते.

मूठ पिळण्याचा फायदा कुठे जाणवतो

सर्वांत मोठा फायदा चढ अचानक समोर आला की कळतो. वळण घेतलं, पुढे भिंतीसारखा चढ, आणि तुम्ही जड गिअरमध्ये. खटक्याच्या शिफ्टरवर अंगठ्याने एकदा दाबलं की दोन-तीन गिअर हलके होतात, मग पुन्हा दाबायचं, पुन्हा. मुठीच्या शिफ्टरवर एका पिळात सगळा गठ्ठा ओलांडता येतो. चढ संपून उतार लागला की उलट दिशेने तेच. सह्याद्रीतल्या वाटा अशाच आहेत: ओढ्यात उतरायचं आणि लगेच पलीकडे चढायचं, मध्ये सपाटी नाहीच. तिथे हा फायदा चांगलाच जाणवतो. एकच पथ्य पाळायचं, असा लांब पिळा देताना पेडलवरचा जोर क्षणभर कमी करायचा. पूर्ण ताकदीने पेडल मारत पाच चकत्या ओलांडायला लावल्या तर चेन दातांवर चढून घसरते, आणि कधी तुटतेही.

दुसरा फायदा बोटांचा. खटक्यावर अंगठा गेला की मुठीची पकड चार बोटांवर येते, आणि पहिलं बोट ब्रेकवर असेल तर तीनच बोटांवर. मुठीच्या शिफ्टरवर अंगठा हँडलभोवतीच राहतो. ब्रेक दाबून ठेवून त्याच वेळी गिअर हलका करता येतो, जे खडबडीत उतारावरच्या वळणाआधी फार उपयोगी पडतं.

तिसरा फायदा ज्यांना लागतो त्यांना फारच लागतो. अंगठ्याच्या बुडाशी जो सांधा असतो त्याची झीज वाढत्या वयात अनेकांना होते, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. अशा हाताने खटका दाबणं म्हणजे प्रत्येक गिअरला एक कळ. तासाभराच्या चढउतारात शंभराहून जास्त वेळा अंगठा दाबावा लागू शकतो. मूठ पिळताना तो जोर पूर्ण तळहातावर वाटला जातो. केवळ अंगठ्याच्या दुखण्यामुळे सायकल अडगळीत टाकलेल्या माणसाला मुठीचा शिफ्टर बसवून दिला तर ती पुन्हा बाहेर निघू शकते. मला हा या शिफ्टरचा सर्वांत मोलाचा गुण वाटतो, आणि दुकानात याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मात्र मनगट किंवा कोपर दुखत असेल तर गणित उलटं होतं. पिळण्याने तेच जास्त दुखावतात.

थंडीत जाड हातमोजे घातले तर खटके बोटांना सापडत नाहीत, मूठ सापडते. सायकल पडली तर बाहेर आलेला खटका दगडावर आपटून तुटू शकतो, कड्याला बाहेर आलेलं काहीच नसतं. आतले भागही कमी: एक रीळ, एक स्प्रिंग, बाहेरचं कवच. खटक्याच्या शिफ्टरमध्ये छोटे दात, छोट्या स्प्रिंगा आणि त्यांच्यामधलं ग्रीस असतं. सायकल दोन-तीन वर्षं जिन्याखाली पडून राहिली की ते ग्रीस घट्ट होतं आणि खटका दाबला तरी आत काही पकडतच नाही. मुठीच्या शिफ्टरला हा आजार नाही.

पुढे तीन चकत्या असलेल्या सायकलींवर आणखी एक सोय मिळते. चेन तिरकी झाली की पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासून करकर वाजते. ग्रिप शिफ्टच्या डाव्या मुठीत बारीक बारीक टका असत, त्यामुळे अर्धा टक फिरवून तो आवाज बंद करता यायचा.

आठ अंशांची अडचण

आता दोषाकडे. इथे मघाचे आकडे लागतात.

वायर ज्या रिळावर गुंडाळते ते हँडलभोवती असतं. हँडलची नळी तिथे 22.2 मिलिमीटर जाडीची असते. त्यावर प्लास्टिकचं कवच आणि रीळ धरून वायरीच्या वर्तुळाचा व्यास 36 मिलिमीटर धरू. परीघ झाला साधारण 113 मिलिमीटर. शिमानोच्या हिशेबाने एका टकेला 2.5 मिलिमीटर वायर ओढायची तर मूठ किती फिरते? साधारण 8 अंश. स्रॅमच्या 4 मिलिमीटरला जवळजवळ 13 अंश. रिळाचा आकार मॉडेलप्रमाणे थोडा बदलेल, पण उत्तर याच्या आसपास राहील.

घड्याळात मिनिटकाटा दीड मिनिटात 9 अंश सरकतो, म्हणजे जवळजवळ तेवढंच. मनगट इतकं वळलं तर ते आपल्या ध्यानातही येत नाही. चढावर सीटवरून उठून हँडल स्वतःकडे ओढताना, उडी मारून चाकं जमिनीवर टेकताना, दगडांच्या उतारावर ब्रेक लावताना अंगाचा भार पुढे येऊन मनगट खाली जातं तेव्हा, एवढं वळण सहज होतं. तळहाताचा एखादा भाग फिरणाऱ्या रबरावर असेल तर गिअर बदललाच. आणि तो नेमक्या अशा क्षणी बदलतो जेव्हा सगळा जोर पेडलवर असतो. चढावर अचानक जड गिअर पडला की सायकल जागच्या जागी थांबते आणि पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट असतील तर माणूस आडवा होतो.

मुठीच्या शिफ्टरवरची ही तक्रार अगदी खरी आहे. ती नाकारणारे त्याचे चाहते मला पटत नाहीत. पण सगळ्या हातांना ती सारखी होत नाही. यात मोठा वाटा हात कुठे ठेवला जातो याचा असतो. मुठीच्या शिफ्टरबरोबर येणारी स्थिर ग्रिप आखूड असते, साधारण 90 मिलिमीटर. नेहमीची पूर्ण ग्रिप 130 मिलिमीटरच्या आसपास असते. रुंद पंजाच्या माणसाचा अंगठा आणि पहिलं बोट त्या 90 मिलिमीटरमध्ये मावत नाहीत, ते फिरणाऱ्या भागावर येऊन बसतात. शिफ्टर थोडा आत सरकवून स्थिर ग्रिप लांब घेतली की हा त्रास बराच कमी होतो. मग धरताना पूर्ण पंजा स्थिर भागावर, आणि गिअर बदलताना फक्त अंगठा आणि तर्जनी फिरत्या भागावर न्यायची. ही सवय लागेपर्यंत मुठीच्या शिफ्टरबद्दल मत बनवू नये.

घाम आणि पाऊस ही दुसरी अडचण, आणि आपल्या हवेत ती मोठी आहे. ओल्या तळव्याला गुळगुळीत झालेलं कडं पिळता येत नाही, मूठ नुसती सटकते. खटक्याला ओल्याचं एवढं वावडं नसतं, कारण तो फक्त ढकलायचा असतो. शिवाय दमट हवेत काही वर्षं गेली की मऊ रबर चिकट होऊ लागतं, हाताला काळं लागतं. तसं झालं की ते रबर धुऊन पूर्ववत होत नाही.

"चांगला असता तर स्पर्धेतल्या लोकांनी वापरला नसता का?"

वापरत होते. नव्वदीत डाउनहिल (नुसत्या उताराची शर्यत) आणि क्रॉस कंट्री (चढउताराच्या फेऱ्यांची शर्यत) दोन्हीकडे हे कडं दिसायचं. पुढे ते मागे पडलं, पण 2012 मध्ये स्रॅमने ते नव्याने आणलं. या वेळी आत बॉल बेअरिंग होती आणि स्थिर ग्रिप शिफ्टरमध्ये दातांनी अडकवलेली होती, म्हणजे ती सरकून घासणार नाही. स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर, ज्याने 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीचं सुवर्ण जिंकलं, तो कित्येक वर्षं ग्रिप शिफ्ट वापरायचा. चढउताराच्या छोट्या फेऱ्यांमध्ये गिअर झपाट्याने बदलावे लागतात, तिथे एका पिळात सगळा गठ्ठा ओलांडण्याचं मोल असतं.

पण त्याच्या शर्यतीतले बहुतेक स्पर्धक खटकेच वापरत, हेही तितकंच खरं. उंचावरून उड्या आणि लांब खडकाळ उतार असतील तर खटका जास्त भरवशाचा, यात मला शंका नाही. 2019 पासून स्रॅमचे वरच्या दर्जाचे वायरलेस गिअर आले. तिथे हँडलवरचं बटण फक्त रेडिओ संदेश पाठवतं, वायर ओढायची नसतेच, आणि त्या गटांत मुठीचा शिफ्टर कंपनीने ठेवलेला नाही. त्यामुळे महागड्या टोकाला तो आता दिसेनासा होत चालला आहे.

"मग तो स्वस्तातलाच ना शेवटी?"

जर्मनीच्या रोलॉफ कंपनीचा स्पीडहब 1998 पासून मिळतो. मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या तुंब्यातच (हबमध्ये) 14 गिअर बंद केलेले असतात, तेलात फिरणारे. सर्वांत हलका आणि सर्वांत जड गिअर यांच्यात 526 टक्क्यांचं अंतर आणि प्रत्येक पायरी जवळजवळ सारखी, सुमारे 13.6 टक्क्यांची. लांबच्या पल्ल्याच्या, खंड ओलांडणाऱ्या सायकलस्वारांमध्ये त्याचा दबदबा आहे, आणि नुसत्या त्या तुंब्याच्या किमतीत आपल्याकडे एक चांगली माउंटन बाइक येते. त्याला कंपनीने दिलेला नेहमीचा शिफ्टर मुठीचाच. कारण तिथे दोन वायरी आहेत, एक ओढली की दुसरी सैल सोडायची, आणि हे काम दोन्हीकडे फिरणारी मूठ सहज करते. शिवाय 'टक' शिफ्टरमध्ये नसून तुंब्यात आहे. वायर थोडी ताणली तरी गिअर चुकत नाही.

म्हणजे 'मूठ पिळायची' ही कल्पना स्वस्त नाही. स्वस्त असतं ते प्लास्टिक, ती वायर आणि वायरीवरचं आवरण. खालच्या किमतीच्या सायकलवर हे तिन्ही एकत्र येतात आणि दोष मुठीच्या माथी बसतो.

लहान मुलांसाठी?

इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण मुठीचा शिफ्टर सर्वांत जास्त विकला जातो तो मुलांच्या सायकलींवर. कारण सोपं वाटतं: मूठ फिरव, आकडा बघ, एक म्हणजे हलका. आकडा समोर दिसतो हे मुलांसाठी खरंच चांगलं आहे. पण पिळायला जोर लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पंजात तो नसेल तर मूल एकदा प्रयत्न करून पुन्हा गिअरला हातच लावत नाही, आणि सायकल कायम एकाच गिअरमध्ये चालते. आपल्या पूर्ण पंजाने फिरवून "हलका आहे की" म्हणू नका. फक्त अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी फिरवून पाहा, सर्वांत हलक्या गिअरकडे, कारण तिकडे जाताना डिरेलरची स्प्रिंग सर्वांत जास्त ताणली जाते. बोटं पांढरी पडली तर ती सायकल त्या मुलासाठी नाही, मग रंग कितीही आवडलेला असो.

पुढे तीन चकत्या असतील तर मुलांचा आणखी एक गोंधळ होतो. उजवीकडे वायर ओढली की गिअर हलका होतो, डावीकडे ओढली की जड. मोठ्यांनाही हे लगेच उमगत नाही. लहान मुलाला पुढे एकच चकती असलेली सायकल मिळाली तर उत्तम.

जड फिरतो म्हणून शिफ्टर फेकू नका

घरोघरी तक्रार एकच: "नवी होती तेव्हा ठीक होतं, आता गिअर फिरतच नाही." दुकानात यावर नवा शिफ्टर सांगितला जातो. त्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, स्थिर ग्रिप आत सरकली आहे का. वर्षभर हाताचा भार पडून ती मिलिमीटर-मिलिमीटरने आत येते आणि फिरणाऱ्या कड्याला घासू लागते. दोघांच्या मध्ये कागदाची घडी जाईल एवढी फट हवी. जात नसेल तर ग्रिप बाहेर ओढा. बऱ्याचदा इलाज एवढाच असतो.

दुसरी, दोष शिफ्टरमध्ये आहे की वायरीत. मागच्या डिरेलरजवळ वायर एका स्क्रूखाली आवळलेली असते. तो स्क्रू सैल करून वायर मोकळी करा आणि मूठ फिरवा. आता हलकी फिरली तर शिफ्टर निर्दोष आहे, गुन्हेगार वायर. मागच्या चाकाजवळ वायरीच्या आवरणाचा जो वळसा असतो, तिथे पावसाचं पाणी आणि चिखल साचतो आणि आत गंज धरतो. आतली वायर आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला. नुसती वायर बदलली तर जुन्या आवरणातला गंज नव्या वायरीला लागतो. नव्या शिफ्टरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

तिसरी, वायर मोकळी करूनही मूठ जडच असेल तर आत माती आहे. शिफ्टर उघडायचा तर बेताने, कारण आतली स्प्रिंग उडी मारून कोपऱ्यात जाते. आत हाताला लागेल ते मोटरसायकलचं ग्रीस भरू नये. काही प्रकारचं ग्रीस प्लास्टिकला मऊ करतं. प्लास्टिकला चालेल असं सिलिकॉन ग्रीस घ्यावं, तेही थोडंच.

कुणी घ्यावा, कुणी टाळावा

कामावर जायला, गावात फिरायला, कच्च्या रस्त्यावरून लांब सफरीला जायला मुठीचा शिफ्टर उत्तम आहे. अंगठा दुखणाऱ्याने तर तोच शोधावा. जंगलातल्या अरुंद वाटांवर, उड्या मारत, दगडांवरून जोरात उतरायचं असेल तर खटका घ्यावा. मोटर लावलेल्या माउंटन बाइकवर मी मुठीचा सुचवणार नाही. मोटरचा जोर चालू असताना एका पिळात चार-पाच गिअर ओलांडले तर चेन आणि चकत्यांचे दात झपाट्याने झिजतात. याच कारणाने स्रॅमने 2016 मध्ये ई-बाइकसाठी काढलेल्या संचात एका वेळी एकच गिअर बदलेल असा खटका दिला होता.

असलेला शिफ्टर बदलायचा ठरवलात तर दोन गोष्टी दुकानदाराला आधी सांगा: मागे किती चकत्या आहेत, आणि डिरेलर कुठल्या पद्धतीचा आहे. 2.5 आणि 4 मिलिमीटर यांतला फरक इथे पुन्हा येतो. चुकीची जोडी झाली तर गिअर कधीच बरोबर बसणार नाहीत, कितीही स्क्रू फिरवले तरी. मुठीचा काढून खटक्याचा बसवताना जुनी आखूड ग्रिप चालत नाही, पूर्ण लांबीची नवी घ्यावी लागते. खटक्याचा काढून मुठीचा बसवताना आधी ब्रेकचा दांडा पाहा. बऱ्याच साध्या सायकलींवर ब्रेक आणि खटका एकाच तुकड्यात असतात. तिथे ब्रेकचा दांडाही वेगळा घ्यावा लागेल, आणि तो कड्याच्या आतल्या बाजूला बोटांना पोचेल असा बसतो का, हे पैसे देण्याआधी हँडलवर लावून बघा.